बारा तारांची गिटार घेताय? आधी मिरजेच्या खाँसाहेबांचा तंबोरा समजून घ्या

उल्हासनगर कॅम्प २ : लग्नाचा बस्ता, कापड, फर्निचर यासाठी अंबरनाथ, मुरबाड, शहापूरच्या खेड्यापाड्यांतून माणसं उल्हासनगरच्या बाजारात येतात. पोरांच्या हट्टाखातर कधी एखादी गिटारही घरी जाते. काही पोरं मोबाईलवर व्हिडिओ बघून थेट बारा तारांचीच गिटार मागतात. तिचा आवाज भरदार असतो, जणू दोन माणसं एकदम वाजवतायत. आठ दिवस हौस टिकते. मग तारा उतरतात, एखादी तुटते, कितीही पिळलं तरी सूर जुळत नाही आणि गिटार भिंतीवरच्या खिळ्याला टांगली जाते. पैसे पाण्यात गेले असं घरच्यांना वाटतं, आणि आपल्याला संगीत जमणारच नाही असं पोराला वाटतं. हे दुसरं नुकसान मोठं.

पोराच्या बोटांत दोष नसतो. तार लावणं हेच अर्धं संगीत आहे, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. आपल्या महाराष्ट्रात एक माणूस असा होऊन गेला, ज्याने गाण्याइतकाच जीव तार लावण्यात घातला. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ. ते तंबोऱ्यावाले, गिटारवाले नव्हेत. पण जोडीच्या दोन तारा एकमेकींत कशा विरघळवायच्या, हे ज्याला शिकायचंय त्याने त्यांचं आयुष्य एकदा बघावं. आपल्या भागाशी त्यांचा संबंध म्हणाल तर एवढाच, की मुंबई-पुणे रेल्वेने त्यांची ये-जा असायची आणि कल्याण, अंबरनाथ, बदलापूर ही स्टेशनं वाटेतच लागतात. उल्हासनगर हे नाव तेव्हा नव्हतंच. ते १९४९ सालचं. खाँसाहेब त्याआधी बारा वर्षं गेले.

सारंगीचं घर

११ नोव्हेंबर १८७२ रोजी उत्तर प्रदेशातल्या कैराना गावी त्यांचा जन्म झाला. किराणा म्हटलं की आपल्याला वाण्याचं दुकान आठवतं, पण घराण्याचं नाव पडलं ते या कैराना गावावरून. वडील काले खाँ, काका अब्दुल्ला खाँ, दोघेही गाण्याबजावण्यातले. घरात पिढ्यान्‌पिढ्या गाणं आणि सारंगी. करीम लहानपणी सारंगी शिकला. बीन, सतार, तबला यांच्यावरही हात फिरला.

सारंगीचं इथे महत्त्व आहे. गिटारला पट्ट्या ठोकलेल्या असतात. योग्य घरात बोट दाबलं की सूर आपोआप निघतो. सारंगीला अशी एकही पट्टी नसते. नखाची कड तारेला टेकवून सूर काढायचा आणि तो नेमका कुठे आहे हे फक्त कानाने ओळखायचं. केसाएवढं सरकलं तरी बेसूर. शिवाय मुख्य तारांच्या खाली पस्तीसच्या आसपास तरफेच्या तारा असतात. त्या वाजवायच्या नसतात, वरचा सूर बरोबर लागला की त्या आपोआप घुमतात. त्या आधी एकेक करून लावून घ्याव्या लागतात. ज्या पोराचं बालपण अशा वाद्याच्या खुंट्या पिळण्यात गेलं, त्याचा कान कसा तयार झाला असेल ते सांगायला नको. पुढे त्यांनी सारंगी सोडली आणि गवई म्हणून नाव काढलं, पण कान सारंगीवाल्याचाच राहिला.

तरुणपणी भाऊ अब्दुल हक याच्याबरोबर गात गात ते बडोद्याला पोहोचले आणि सयाजीराव गायकवाडांच्या दरबारात त्यांची सोय लागली. तिथे एक गोष्ट घडली आणि दरबार सुटला. राजघराण्याशी नातं असलेल्या सरदार मारुतीराव माने यांची मुलगी ताराबाई त्यांच्याकडे गाणं शिकत होती. दोघांचं जमलं. करीम खाँचं लग्न आधीच झालेलं, ते मुसलमान, ही मराठा सरदाराची मुलगी. काळ एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाचा. दरबाराला हे चालणं शक्यच नव्हतं. दोघांनी बडोदं सोडलं, मुंबई गाठली आणि पुढे मिरजेत येऊन राहिले.

मिरज, भोपळे आणि जवारी

मिरजेत ते आजारी पडले. प्लेगचे दिवस होते. मीरासाहेबांच्या दर्ग्यात जाऊन त्यांनी गाण्याची सेवा केली आणि बरे झाले, अशी गोष्ट मिरजेत आजही सांगतात. ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावी. खरं एवढं की त्यानंतर मिरज त्यांचं गाव झालं, आणि दर्ग्याशी त्यांचं नातं मरेपर्यंत आणि मेल्यावरही राहिलं.

तारांच्या माणसाला यापेक्षा चांगलं गाव मिळालं नसतं. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर एक नवा धंदा उभा राहिला होता. तलवारी, बर्च्या घडवणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी सतारी आणि तंबोरे बनवायला सुरुवात केली. इंग्रजी राज्य आल्यावर हत्यारांना गिऱ्हाईक कुठलं? मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांना गाण्याचा शौक, गवयांची वर्दळ, त्यामुळे वाद्यांना मागणी. हत्यार घडवणारा हात वाद्य घडवू लागला. ती गल्ली आज सतारमेकर गल्ली म्हणूनच ओळखली जाते, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

शेतकऱ्यांसाठी यातली एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. तंबोऱ्याचा तो मोठा घुमट म्हणजे शेतातला कडू भोपळा. मिरजेला हे भोपळे पंढरपूर, मंगळवेढा, सोलापूर या भागातून येतात. हा भोपळा खायचा नसतो. तो वेलावर पूर्ण जून होऊ द्यायचा, टणक वाळवायचा, मग कापून आतला गर आणि बिया काढायच्या. आकार जितका मोठा आणि गोल, तितका भाव चांगला. पोसायला पाणी लागतं, वाढताना टेकू द्यावा लागतो, जमिनीला लागून कुजला की गेला. भीमेकाठच्या कुणा शेतकऱ्याने नीट सांभाळलेला भोपळा पुढे एखाद्या मोठ्या गवयाच्या मागे बसून घुमतो.

पण नुसत्या भोपळ्याने आवाज येत नाही. खरी करामत घोडीत आहे. घोडी म्हणजे भोपळ्यावरच्या तबकडीवर बसवलेली रुंद पट्टी, जिच्यावरून तारा जातात. गिटारच्या घोडीवर तार एका धारेवर टेकते. तंबोऱ्याची घोडी सपाटही नसते आणि धारदारही नसते, तिला अगदी हलका उतार असतो. तार थरथरताना त्या उतारावर घासत घासत मागेपुढे टेकते आणि त्यातून तो झणकारणारा, भरलेला नाद निघतो. त्याला जवारी म्हणतात. हा उतार कानशीने घासून काढावा लागतो. एक घास जास्त झाला की आवाज मेला. वर आणि तार व घोडी यांच्यामध्ये एक सुताचा दोरा सरकवतात. तो दोरा तांदळाच्या दाण्याएवढा पुढेमागे केला की जवारी उघडते किंवा मिटते. पावसाळ्यात वेगळी जागा, उन्हाळ्यात वेगळी.

बहुतेक गवई हे काम कारागिरावर सोडत. खाँसाहेबांचा स्वतःचा हात वाद्यदुरुस्तीत चालायचा. तंबोऱ्याची जवारी, खुंट्या, तारा हे त्यांच्या लेखी गाण्याच्या आधीचं काम नव्हतं, गाण्याचाच भाग होता. त्यांचं गाणं ऐकलं की याचं कारण कळतं. ते मोठ्या आवाजाने श्रोत्याला दाबत नसत. बारीक, टोकदार, गोड आवाज, एकेका सुरावर थांबणं, तो सूर तंबोऱ्यात मिसळून जाईपर्यंत वाट बघणं. तंबोराच कच्चा असेल तर असं गाणं उभंच राहत नाही. रांगोळी काढायला आधी अंगण सारवावं लागतं, तसं.

तंबोरा लागतो कसा

तंबोऱ्याला साधारण चार तारा. पहिली पंचमाची, मधल्या दोन षड्जाच्या, त्यांना जोड म्हणतात, आणि चौथी खालच्या षड्जाची, तिला खर्ज म्हणतात. खर्जाची तार पितळेची आणि जाड, बाकीच्या पोलादी. रागात पंचम नसेल तर पहिली तार मध्यमाला किंवा निषादाला लावतात.

आधी जोडीतली एक तार गवयाच्या पट्टीला लावायची. मग दुसरी तिला मिळवायची. इथेच कसोटी आहे. दोन तारा जवळ आल्या की त्यांच्या आवाजात हेलकावे ऐकू येतात, वँव वँव वँव असे. एक तार सेकंदाला २४० वेळा थरथरत असेल आणि दुसरी २४३ वेळा, तर सेकंदाला तीन हेलकावे. दुसरी २४१ वर आली की एकच. खुंटी आणखी थोडी फिरवली की हेलकावा लांबत लांबत जातो आणि शेवटी थांबतो. दोन तारा आहेत हे विसरायला होतं, एकच आवाज उरतो. हा शेवटचा टप्पा खुंटीने जमत नाही, कारण खुंटी लाकडी आणि आडमुठी. त्यासाठी घोडीच्या खाली तारेत ओवलेला मणी असतो. तो खाली सरकवला की तार किंचित ताणली जाते, वर सरकवला की सैल होते.

सगळं बरोबर जुळलं की एक चमत्कार घडतो. खर्जाची तार छेडली की तिच्यातून गंधार ऐकू येतो. गंधाराची तार तंबोऱ्यात नाहीच! पण प्रत्येक तारेच्या आवाजात तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट असे बारीक आवाज दडलेले असतात. पाचपटीचा जो असतो तोच गंधार. जवारी चांगली असेल तर तो उघडा होऊन समोर येतो. किराणा घराण्याचे गवई या न लावलेल्या गंधाराची वाट बघत बसतात. तो आला की तंबोरा लागला.

हेच गिटारला लावून बघा

बारा तारांची गिटार म्हणजे सहा जोड. साध्या गिटारच्या प्रत्येक तारेला एक सोबतीण दिलेली. बारीक बाजूकडून पहिल्या दोन जोड्या सारख्या तारांच्या, एकाच सुराच्या, अगदी तंबोऱ्याच्या जोडीसारख्या. उरलेल्या चार जोड्यांत एक तार जाड आणि दुसरी बारीक. ही बारीक तार जाडीपेक्षा बरोबर एक सप्तक वर, म्हणजे दुप्पट थरथरणारी. बारीक बाजूकडून जोड्यांची इंग्रजी नावं ई, बी, जी, डी, ए आणि पुन्हा ई.

नवखा फसतो तो जी च्या जोडीत. सगळ्यांत वरचा सूर कडेच्या ई तारेचा असेल असं वाटतं. ती सेकंदाला ३३० वेळा थरथरते. पण जी च्या जोडीतली बारीक तार ३९२ वेळा. म्हणजे सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत नाजूक तार मध्येच लपलेली. तीच सर्वांत जास्त तुटते. पाकिटावरचं नाव न बघता तिथे दुसरी तार घातली की संपलंच.

दुसरी गोष्ट ताणाची. साध्या गिटारवर सगळ्या तारांचा मिळून साधारण सत्तर-पंचाहत्तर किलोचा ताण असतो, बारा तारांवर तो शंभर किलोच्या वर जातो. कांद्याच्या दोन गोण्यांचं वजन त्या बारीक मानेवर कायमचं टांगलेलं आहे असं समजा. म्हणून बरेच जाणकार बारा तारांची गिटार पूर्ण वर न चढवता एक सूर खाली लावतात आणि गरज पडली तर दुसऱ्या पट्टीवर कॅपो नावाचा चिमटा लावून वाजवतात. स्वस्तातल्या गिटारला तर हे करावंच.

तारा बदलताना सगळ्या बाराच्या बारा एकदम काढू नयेत. एक जोडी काढावी, तीच घालावी, मग पुढची. तारेच्या टोकाची गोळी घोडीच्या भोकात आत टेकली आहे का ते बघून खिळी बसवायची, खिळीची खाच तारेच्या बाजूला. वरच्या खुंटीवर दोन-तीन वेढे पुरेत, बारीक तारेला एखादा जास्त. वेढे एकावर एक न चढता खाली खाली उतरत गेले पाहिजेत. मग तार बोटाने हलकेच उचलून ओढायची, ती सैल पडेल, पुन्हा लावायची. नवी तार दोन-चार वेळा असा दगा देणारच.

आता सूर. मोबाईलवरच्या ट्यूनरने आधी फक्त सहा मुख्य तारा लावाव्यात. सोबतीणीवर बोट किंवा फडक्याची चिंधी ठेवून ती गप्प करायची. तार नेहमी खालून वर आणायची. वर गेलीच तर पूर्ण उतरवून पुन्हा चढवायची, कारण वरून खाली आणलेली तार खुंटीत ढिली राहते आणि थोड्या वेळाने घसरते. सहा झाल्या की ट्यूनर बाजूला ठेवायचा. आता सोबतीण मोकळी करून जोडी छेडायची आणि हेलकावे ऐकायचे. वँव वँव थांबेपर्यंत सावकाश फिरवायचं. बारा झाल्या की पुन्हा पहिल्यापासून, कारण नंतरच्या तारांच्या ताणाने मान किंचित वाकलेली असते आणि आधीच्या तारा उतरलेल्या असतात. दोन-तीन फेऱ्या होतातच. पहिल्या महिन्यात याला अर्धा तास लागला तर घाबरायचं काम नाही. मोठमोठ्या मैफिलींतही श्रोते तंबोरे लागेपर्यंत बसून राहतात.

देवल, क्लेमंट्स आणि एक जुनं भांडण

खाँसाहेबांच्या कानाची कीर्ती मिरजेजवळच्या सांगलीला पोहोचली. तिथे कृष्णाजी बल्लाळ देवल नावाचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर होते. आपल्या जुन्या ग्रंथांत सप्तकाच्या २२ श्रुती सांगितल्यात, त्या नेमक्या किती अंतरावर आहेत हे मोजायचा त्यांना ध्यास लागला होता. त्यांच्या सोबतीला अर्नेस्ट क्लेमंट्स नावाचा इंग्रज न्यायाधीश. मोजायला ताणलेली तार होती, हिशेब होता, पण त्या तारेवर कुठला सूर धरायचा हे सांगणारा गळा हवा होता. तो अब्दुल करीम खाँनी दिला. ते गायचे, देवल तारेवर मोजायचे. १९१० साली देवलांचं पुस्तक आलं, १९१३ साली क्लेमंट्सचं. या श्रुती वाजवणारी खास पेटीही करून घेतली. १९१६ मध्ये बडोद्याला अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिथे या सगळ्यावर जोरदार वाद झडला. बऱ्याच पंडितांना आणि उस्तादांना हे मोजमाप पटलं नाही. आजही सगळ्यांना पटलेलं नाही.

भांडणाचं मूळ समजायला सोपं आहे. षड्ज २४० धरला तर तंबोऱ्यातून आपोआप निघणारा गंधार ३०० वर येतो. पेटीवर तोच गंधार ३०२ च्या थोडा वर असतो. कारण पेटीच्या सगळ्या पट्ट्या समान अंतरावर बसवलेल्या, म्हणजे कुठलीही पट्टी षड्ज धरून वाजवता यावी. सोय झाली, पण गोडवा थोडा गेला. खाँसाहेबांचा कान ३०० चा.

गिटारवाल्यांना हीच भानगड भेटते. गिटारच्या पट्ट्याही पेटीसारख्याच समान अंतराच्या. पोरगं ई ची कॉर्ड धरतं, ती कानाला किंचित कडू लागते, म्हणून जी ची तार थोडी उतरवून ती गोड करतं. मग सी ची कॉर्ड धरली की तीच तार खाली पडलेली! पुन्हा चढवा, पुन्हा उतरवा, संध्याकाळ यातच जाते. यात पोराचा कान खोटा नसतो, उलट चांगला असतो. फक्त गिटारवर सहा मुख्य तारा ट्यूनरवर सोडाव्यात आणि कान जोड्यांसाठी वापरावा, म्हणजे भांडण मिटतं.

घर मोडलं

१९१३ च्या सुमारास खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं, पुढे मुंबईतही शाखा झाली. मुलं तिथेच राहायची, शिकायची, खर्चासाठी जलसे व्हायचे. सवाई गंधर्व, बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी, बेहेरेबुवा, पुढच्या काळात रोशनआरा बेगम असे शिष्य त्यांना लाभले. टिपू नावाच्या कुत्र्यालाही त्यांनी सुरात ओरडायला शिकवलं होतं आणि त्याला लोकांसमोर आणलं होतं. या गोष्टीवर लोक हसतात, पण ज्याला जिथे तिथे सूरच दिसतो तो माणूस असंच काहीतरी करणार.

बाहेर नाव वाढत असताना घर उसवत गेलं. १९२२ साली ताराबाई पाच मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांची नावं बदलली, आडनाव माने लावलं. थोरला झाला सुरेशबाबू माने. चंपाकली झाली हिराबाई, म्हणजे पुढच्या हिराबाई बडोदेकर. सगळ्यांत धाकटी सरस्वती, पुढच्या सरस्वती राणे. दरबार, जात, धर्म सगळं झुगारून दोघं एकत्र आली होती, पण संसार पंचवीस वर्षांतच तुटला. चूक कुणाची याच्या खोलात जायचं कारण नाही. पण रात्र रात्र दोन तारा जुळवत बसणाऱ्या या माणसाला घरातली जोडी राखता आली नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. मुलं मात्र वडिलांचं गाणं घेऊनच वाढली. बायकांनी तिकीट लावून सभ्य मैफिलीत गावं ही वाट महाराष्ट्रात हिराबाईंनी पाडली.

खाँसाहेबांचं दक्षिणेत जाणं वाढलं. म्हैसूर दरबारात त्यांना मान होता. त्यांनी कर्नाटक संगीत मन लावून समजून घेतलं, त्यागराजांची एक रचना तबकडीवर गायली, तिकडची सरगम आपल्या गाण्यात आणली. उत्तरेचे गवई तेव्हा दक्षिणेच्या गाण्याकडे सहसा वळत नसत. १९३० नंतरच्या दशकात निघालेल्या त्यांच्या तबकड्या घरोघर, दुकानोदुकानी वाजू लागल्या. एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं. गदगकडच्या एका लहान मुलाने त्यांची ठुमरी दुकानातल्या फोनोग्राफवर ऐकली आणि तो गाण्यासाठी घर सोडून पळाला. तो भीमसेन जोशी. पुढे तो सवाई गंधर्वांकडे म्हणजे खाँसाहेबांच्याच शिष्याकडे शिकला.

सिंगपेरुमाळ कोइलचा फलाट

१९३७ च्या ऑक्टोबरमध्ये खाँसाहेब मद्रासला होते. तिथून त्यांना पाँडिचेरीला जायचं होतं, अरविंदांच्या आश्रमात. २७ ऑक्टोबरच्या रात्री गाडीत त्यांच्या छातीत दुखू लागलं. सिंगपेरुमाळ कोइल नावाच्या लहानशा स्टेशनवर त्यांना उतरवलं. फलाटावर अंथरूण घातलं. डॉक्टर नाही, मोठं गाव नाही.

त्यांनी तंबोरा मागितला. शिष्यांनी तो काढून लावला. गाडी निघून गेलेल्या त्या रिकाम्या फलाटावर, अंधारात, आधी जोड जुळली असेल, मग पंचम, मग खर्ज, रोजच्यासारखं. मग दरबारी रागात त्यांनी अल्लाची प्रार्थना म्हटली आणि थोड्या वेळात प्राण सोडला. वय ६५ ला पंधरा दिवस कमी.

त्यांना मिरजेला आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केलं. दर्ग्याच्या उरुसात दरवर्षी त्यांच्या नावाने संगीत सभा होते. आवारातल्या चिंचेच्या झाडाखाली देशभरचे गवई येऊन सेवा म्हणून गातात, आणि त्यांच्या मागे बसलेले तंबोरे बहुतेक करून शेजारच्या सतारमेकर गल्लीतलेच असतात.